उत्तर न देणारी शाळा

शेतीशाळा भरते पिकासाठी, पण तिच्यातून घडतात माणसे. वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातला शेलूबाजारचा परिसर सोयाबीन-तुरीचा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘पोकरा’, 2018 पासून ज्या 15 जिल्ह्यांत राबवला गेला त्यांत वाशीमही होता, आणि निवडलेल्या गावांमध्ये शेतीशाळा हे या प्रकल्पाचे महत्त्वाचे अंग होते. शेतकऱ्याला पीक कळावे हा तिचा उघड हेतू. त्याच ओघात गावात चार लोक ज्याचे ऐकतात असा माणूस तयार होतो, आणि त्याला तयार करणारी गोष्ट असते त्याचे स्वतःचे कुतूहल.

शेतीशाळेच्या पद्धतीचा उगम इंडोनेशियातल्या भातशेतीत आहे. तिथे तपकिरी तुडतुड्यांनी पीक फस्त होत होते आणि जितकी फवारणी वाढे तितके तुडतुडेही वाढत. कारण विषाने आधी मरत ते तुडतुडे खाणारे कोळी. सरकारने 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने शेतकऱ्याच्या मनातली भीती जात नाही. कोळी तुडतुडा खातो हे त्याने स्वतः पाहायला हवे. म्हणून 1989 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने तिथे पहिल्या शेतीशाळा भरल्या. पुढे ही पद्धत भारतासह अनेक देशांत पसरली.

शाळा भरते ती यजमान शेतकऱ्याच्या शेतात, पेरणीआधीपासून काढणीपर्यंत. साधारण पंचवीस-तीस शेतकऱ्यांचे पाच-पाच जणांचे गट होतात. पहिला प्रयोग बहुधा घरच्या बियाण्याचा असतो. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे 100 दाणे ओळीने मांडायचे, गोणपाट गुंडाळून ओलसर ठेवायचे आणि पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर उगवण 70 टक्के. दुकानातल्या पिशवीवरचा आकडा विश्वासावर घेणारा माणूस इथे पहिल्यांदा स्वतः मोजतो. हा बदल दिसायला लहान, पण पुढचे सगळे त्याच्यावर उभे राहते.

पीक वाढीला लागले की खरी शाळा सुरू होते. सकाळी गट तासांमधून फिरतात, झाडे पाहतात, किडी मोजतात. मग ड्रॉइंग शीटवर मधोमध सोयाबीनचे झाड काढायचे. एका बाजूला शत्रूकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकिडी, शेजारी ऊन, पाऊस, ओल, तण यांच्या नोंदी. शेवटी गटाने निर्णय सांगायचा: फवारायचे की थांबायचे, आणि का. या सगळ्यात प्रशिक्षकाला एक पथ्य पाळावे लागते. कुणी पान पुढे करून विचारले, ‘‘साहेब, हा कोणता किडा?’’ तर त्याने नाव सांगून मोकळे व्हायचे नाही. तो कुठे सापडला? काय करत होता? आणखी किती दिसले? असे उलट विचारायचे.

चक्रभुंग्याचे उदाहरण घ्यावे. हिरव्या सोयाबीनमध्ये एखादी फांदी मान टाकून सुकलेली दिसते. पाण्याची ओढ म्हणावी तर शेजारचे झाड तजेलदार. देठ जवळून पाहिला की त्यावर थोड्या अंतरावर दोन गोल खापा दिसतात. भुंग्याची मादी या खापा पाडते आणि त्यांच्यामध्ये अंडी घालते. वरच्या भागाचे अन्नपाणी तुटते. देठ चिरला की आत पिवळसर अळी सापडते. हे नुसते ऐकलेला शेतकरी दोन आठवड्यांत विसरेल. ज्याने नखाने देठ चिरून अळी बाहेर काढली, तो दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला बांधावर बोलावून दाखवतो. नेतृत्वाची सुरुवात तिथे होते.

असे का घडते, याचे उत्तर अमेरिकी अभ्यासक जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी 1994 मध्ये मांडलेल्या विचारात मिळते. माणसाला काही माहीत असते आणि त्यापुढचे माहीत नाही हे जाणवते, तेव्हा मधली फट त्याला अस्वस्थ करते. कुतूहल म्हणजे ती अस्वस्थता. काहीच माहीत नसेल तर प्रश्न पडत नाही आणि सगळे आयते मिळाले तरी पडत नाही. शेतकऱ्याला पीक लहानपणापासून माहीत असते. प्रशिक्षकाने फक्त ती फट दाखवायची आणि ती लगेच बुजवायची नाही.

व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणातही हा विचार जुना आहे. ब्रिटनचे रेग रेव्हन्स यांनी 1940 च्या दशकात कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना वर्गात बसवण्याऐवजी एकमेकांच्या खऱ्या अडचणींवर प्रश्न विचारायला लावले. पुस्तकी ज्ञानाला प्रश्नांची जोड मिळाली तरच शिकणे होते, असे त्यांचे सूत्र होते. नागपूरच्या वनामतीसारख्या प्रशिक्षण संस्थेत शिकलेला अधिकारी असो, शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक असो की बचत गटाची अध्यक्ष, हे सूत्र सगळ्यांना लागू पडते. भाव का पडला, तारण कर्ज कुणाला परवडते, वर्गणी कुठे अडकली, हे विचारण्याची सवय नसलेला संचालक केवळ सही करतो.

शेतीशाळेत ही सवय मोठ्याने बोलूनच लागते. प्रत्येक वेळी गटातला वेगळा माणूस चित्र घेऊन उभा राहतो, निर्णय सांगतो आणि इतरांच्या प्रश्नांना तोंड देतो. म्हणूनच पोकरात महिलांच्या स्वतंत्र शेतीशाळा भरल्या, याचे मोल मोठे आहे. निंदणी-खुरपणीमुळे पिकाच्या सर्वांत जवळ असते ती बाई. तरी फवारणीचा निर्णय तिला कुणी विचारत नाही. आकडे तिच्या हाती आले की घरातल्या चर्चेत तिचा शब्द वजनदार होतो.

प्रश्न न विचारण्याची किंमत या भागाने पाहिली आहे. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणते औषध, कशात मिसळायचे, कोणत्या वाऱ्यात फवारायचे, हे विचारणारा एक जाणता माणूस प्रत्येक गावात असणे ही गरज आहे.

अर्थात प्रत्येक शेतीशाळा अशी होत नाही. प्रशिक्षकाला घाई असली की तासाभराचे भाषण होते, हजेरीवर सह्या होतात, फोटो निघतो आणि लोक उठतात. अशा वर्गातून माहिती मिळते, माणूस मात्र बदलत नाही. प्रशिक्षकही उत्तर देण्याच्या सवयीत वाढलेला असतो. ‘मलाही ठाऊक नाही, आपण पाहू’ हे वाक्य त्याला सर्वांत जड जाते. त्यामुळे शेतीशाळेचे यश आधी प्रशिक्षकाच्या शिक्षणावर अवलंबून असते, आणि पैसा व वेळ तिथेच जास्त खर्च व्हायला हवा.

गावात शेतीशाळा भरत असेल तर दिवस आणि शेत सहायक कृषी अधिकाऱ्याकडून विचारून घ्यावे, आणि जाताना आपल्याच शेतातले एक सुकलेले झाड उपटून सोबत न्यावे.