चाड्यावरची मूठ आणि चित्ताची एकाग्रता

ध्यानधारणा हें संन्याशाचें अगर फावल्या वेळाचें काम होय, खरीपाच्या धांदलींत शेतकऱ्यास तें कसें परवडावें, असा आक्षेप पुष्कळदां ऐकूं येतो. परंतु मन एका ठिकाणीं ठेवण्याची कला आमच्या धंद्यास मुळींच परकी नाहीं.

तिफणीची पेरणी घ्या. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचा हात ढिला पडला तर बीं दाट पडतें, मूठ थबकली तर तास रिकामा राहतो; आणि उगवण होतांच ती चूक साऱ्या गांवास दिसते. बैलांची चाल व मुठींतील बीं एवढ्याकडेच त्या बाईचें लक्ष असे. तिला ध्यान कोणीं शिकविलें नव्हतें. कामानेंच तें शिकविलें. अरणचे संत सांवता माळी (समाधि इ. स. १२९५) पंढरीस न जातां मळ्याच्या कामांतच विठ्ठलाची सेवा पाहत, असें वारकरी परंपरा सांगते, तें याच अर्थानें.

अलीकडे सत्यनारायण गोएंका यांनीं १९६९ सालीं ब्रह्मदेशांतून येऊन विपश्यनेचें शिक्षण भारतांत सुरू केलें व १९७६ सालीं इगतपुरीस त्याचें केंद्र निघालें. तेथील दहा दिवसांच्या शिबिरांत पहिले तीन दिवस नाकपुड्यांतून येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवण्याचाच अभ्यास असतो. ऐन हंगामांत दहा दिवस काढणें कठीण; तें सुगीनंतर पाहावें. श्वास मात्र बांधावरही आपल्यापाशीं असतो.

पहाटे धार काढण्यापूर्वीं पांच मिनिटें स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष द्यावें. मन कर्जाच्या हप्त्याकडे, बाजारभावाकडे धांवेल. शिकाऊ गोऱ्हा तास सोडून जाऊं लागला म्हणजे त्यास झोडपून भागत नाहीं. कासरा हळूच ओढून पुन्हां तासास लावावें लागतें. मनाचेंही तसेंच आहे. मग दिवसांतील एखादें काम, खुरपणी असो वा पाण्याची बारी देणें असो, केवळ त्याच कामाकडे लक्ष ठेवून करावें.

या संवयीची खरी कसोटी यंत्रापुढें लागते. मळणीयंत्रांत अगर कडबाकुट्टींत हात गेल्यावर पश्चात्तापास अर्थ राहत नाहीं. यंत्र सुरू करण्यापूर्वीं दहा श्वास थांबावें. पदर, सोगा, बाह्या नीट आंवरल्या आहेत कीं नाहींत तें पाहावें. मोबाइल दूर ठेवावा. थकव्यानें लक्ष टिकेनासें झालें तर यंत्र बंद करावें. दोन घटका उशीर सोसतो. गेलेला हात परत येत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ध्यानानें कर्ज फिटत नाहीं, कीं पाऊस पडत नाहीं. झोंप उडाली, जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार येऊं लागले, तर केवळ ध्यानावर विसंबूं नये. घरच्यांस सांगावें व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेंत १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. शेजाऱ्याचा चेहरा उतरलेला दिसला तर आपणहून त्याची विचारपूस करावी. ज्याचें लक्ष ठिकाणावर असतें, त्यासच दुसऱ्याचें दुःख वेळेवर दिसतें.