कुंटालाचा डोह पोहण्यासाठी नाही

पांढरकवड्याहून महामार्गाने पैनगंगेचा पूल ओलांडला की आदिलाबाद जिल्हा लागतो. त्याच महामार्गाने पुढे नेरडिगोंडा आणि तिथून आत सुमारे बारा किलोमीटरवर कुंटाला धबधबा. कडेम नदी इथे जवळपास 45 मीटर खाली कोसळते. तेलंगणातला सर्वांत उंच धबधबा म्हणून तो ओळखला जातो. पायऱ्यांची लांब रांग उतरून गेले की समोर पाण्याची भिंत आणि तिच्या पायथ्याशी डोह. जवळच सोमेश्वराचे स्थान आहे, महाशिवरात्रीला तिथे भाविकांची रीघ लागते. या डोहात उतरायला मनाई आहे, कारण इथे आजवर अनेक जीव गेले आहेत. तरी दर पावसाळ्यात कुणीतरी म्हणतोच, "मला पोहता येतं."

पोहता येणे इथे फारसे कामाला येत नाही, आणि त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे.

45 मीटरवरून पडायला पाण्याला तीन सेकंद लागतात. हवेचा अडथळा नसता तर ते तळाशी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने आदळले असते. फवारा होऊन वेग बराच कमी होतो, पण जो उरतो तोही कातळ कोरायला पुरेसा असतो. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. भोवऱ्यात गरगरणारे दगडगोटे खडकाला भोके पाडतात. धबधब्याखालचा डोह असाच घडतो. म्हणून त्याचा तळ सपाट नसतो. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट दोन पुरुष खोलीत पडू शकते. त्यात पाणी डोळ्यांनाही फसवते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे चार मीटर खोल तळ वरून पाहताना तीन मीटरवर असल्यासारखा भासतो आणि काठावरून तिरके पाहिले तर त्याहूनही उथळ.

खरी मेख त्या पांढऱ्याशुभ्र फेसात आहे. फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. माणसाचे शरीर साध्या पाण्यात कसेबसे तरंगते, कारण दोघांची घनता जवळजवळ सारखी असते. पाण्यात तीस टक्के हवा मिसळली तर त्याची घनता तेवढीच घटते आणि शरीर वर उचलून धरायला ते अपुरे पडते. हातपाय मारूनही पकड मिळत नाही. शिवाय पडणारी धार तळाशी जाऊन पसरते, वर येते आणि पृष्ठभागावरचे काही पाणी पुन्हा धारेकडे ओढले जाते. या चक्रात सापडलेला माणूस काठाकडे नाही, धबधब्याकडे जातो.

डोहात न उतरता वरच्या प्रवाहात नुसते उभे राहणेही धोक्याचे आहे. सेकंदाला एक मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढ्या वेगाचे कमरेइतके पाणी अंगावर साधारण पंधरा किलोंचा रेटा देते. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे साठ किलो. त्याच वेळी पाणी आपले निम्मे वजन उचलून धरते, त्यामुळे पायाची पकड ढिली होते. खाली शेवाळ असेल तर ती जवळजवळ संपतेच. सेल्फीसाठी जो ओला, काळा, गुळगुळीत कातळ लोक निवडतात, तो नेमका असा असतो.

आपल्या डोक्यावर ऊन असले तरी नदीच्या वरच्या अंगाला पाऊस पडत असू शकतो. डोंगराळ, खडकाळ मुलुखातून येणारी कडेम फार लवकर चढते. जुलै 2022 मध्ये याच नदीच्या खालच्या टप्प्यातल्या कडेम धरणात इतका लोंढा आला, की धरणाखालची गावे रिकामी करावी लागली. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेही आधी साध्या वाटणाऱ्या पाण्यातच उभे होते. पाणी अचानक गढूळ झाले, काड्या-पाला वाहून येऊ लागला, धबधब्याचा आवाज जड झाला, की चपला, मोबाइल, डबा काहीही न शोधता वर चढायचे.

कुणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी मारू नका. एकामागून एक दोघे-तिघे जातात ते अशाच मायेपोटी. दोर, ओढणी, लांब काठी, हवा भरलेला रिकामा कॅन, जे हाती लागेल ते फेका आणि 112 ला फोन करा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढायची आपल्याकडची जुनी रीत घातक आहे. पोटातले पाणी उलटून फुप्फुसात जाते. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास हे चक्र मदत येईपर्यंत थांबवू नका. बुडालेल्याला आधी कमी पडतो तो प्राणवायू.

सहलीला निघताना गाडीत वीस मीटर लांबीचा जाड दोर टाका. आणि कुंटालाला पोहोचलात की धबधबा पायऱ्यांवरून, कोरड्या जागेवरून पाहा. तो तिथूनच पुरा दिसतो.