वेळापत्रकात नसलेल्या गाड्या

कसाऱ्याला मालगाडी थांबते आणि तिच्या मागच्या टोकाला जादा इंजिने लागतात. रेल्वेच्या भाषेत हे ‘बँकर’. पुढे थळ घाट. दर ३७ मीटरला एक मीटर चढायचे, हे गणित १८६५ साली घाट खुला झाला तेव्हापासून तेच आहे. पुढून ओढ, मागून रेटा, असे करत गाडी इगतपुरी गाठते आणि तिथे बँकर सुटतात.

मालगाड्यांचे फोटो काढणारे या चढावर तासन्‌तास थांबतात. डेक्कन क्वीन घड्याळ लावून टिपता येते, मालगाडी कधी येईल ते छापलेल्या वेळापत्रकात सापडत नाही. सिग्नल पडला, लांबून ब्लोअरचा घरघराट आला की कॅमेरे वर होतात. इंजिनाची जात नावावरून कळते: ‘डब्ल्यूएजी’मधला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, जी म्हणजे मालवाहतूक. बिहारमधल्या मधेपुऱ्यात बनणारे दोन खंडांचे डब्ल्यूएजी-१२ तब्बल १२,००० अश्वशक्तीचे आहे.

खरा वाचनानंद मात्र वॅगनांत आहे. प्रत्येकीच्या अंगावर अकरा अंक रंगवलेले असतात. पहिले दोन वॅगनचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यानंतरचे दोन बांधणीचे वर्ष. मग चार अंकी अनुक्रमांक, आणि शेवटी आधीचे अंक बरोबर नोंदले गेले की नाही हे तपासणारा एक अंक. पाचव्या-सहाव्या जागी १२ दिसले, तर वॅगन २०१२ सालची. कोळशाच्या एका रेकमध्ये अशा ५८-५९ वॅगन असतात. धावत्या गाडीवरून नजरेने एवढे टिपणे कठीण, म्हणून आधी फोटो आणि मग घरी बसून वही.

या वह्यांचे मोल नंतर कळते. मुंबईकडचे दोन्ही घाट एके काळी १५०० व्होल्ट डीसी विजेवर चालत. त्यासाठी चित्तरंजनला १९७०च्या दशकात डब्ल्यूसीजी-२ जातीची ५७ इंजिने बांधली गेली. एसी वीज आली आणि ती कामावरून उतरली. घाटात राबणारी ती इंजिने आज पाहायची, तर कुणीतरी तेव्हा पावसात उभे राहून काढलेल्या फोटोंतच. प्रवासी गाड्यांच्या मानाने असे फोटो फार थोडे आहेत, ही खरी हळहळ.

कोकणात वेगळीच मेजवानी असते. २६ जानेवारी १९९९पासून कोलाड ते वेर्णा ‘रो-रो’ धावते: सपाट वॅगनांवर भरलेले ट्रक आणि त्यांच्यासोबत त्यांचे चालकही. हिरव्या डोंगरातून ट्रकांची अशी रांग रुळांवरून सरकताना एकदा पाहावीच.

फक्त रुळांत उतरून नव्हे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि उतारावरच्या भरल्या मालगाडीला ब्रेक लावल्या जागी थांबता येत नाही. रस्त्याचा पूल किंवा हद्दीबाहेरची टेकडी शोधा, गाडी तिथूनही पूर्ण दिसते.