पुरण, आमटी आणि जायफळ

होळीच्या दिवशी महाराष्ट्रातील घरोघरी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजत ठेवतात. डाळ बोटचेपी झाली, की ती चाळणीवर उपसतात. वर राहिलेल्या डाळीत गूळ घालून पुरण शिजवतात. खाली उतरलेले दाटसर पाणी म्हणजे कट, त्याची आमटी होते. एकाच पातेल्यातून निघालेले हे दोन पदार्थ. एक गोड, तर दुसरा आंबट-तिखट. पुरणात वेलदोडा आणि जायफळ पडते. आमटीत पडतो तो गोडा मसाला! ज्यात साखरेचा कणही नाही, त्याला हे नाव मिळाले आहे. तिखटपणाने जिभेला न झोंबणारा, सौम्य व सुगंधी, असाच येथे 'गोडा' या शब्दाचा अर्थ समजावा.

हा मसाला करणे हे घाईचे काम नव्हे. धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, दालचिनी, लवंग, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, दगडफूल हे सर्व जिन्नस वेगवेगळे भाजावे लागतात. कारण धने खमंग होईपर्यंत तीळ करपून जातील. यांतील दगडफूल मोठे नवलाचे. नाव फुलाचे असले तरी ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहवासातून खडकांवर व झाडांच्या सालींवर त्याची वाढ होते. कोरडे हुंगले तर त्याला जेमतेम वास येतो. थोड्या तेलात परतले, की स्वयंपाकघर दरवळून जाते.

असे का व्हावे? मसाल्यांचा सुगंध त्यांच्या अंगच्या तेलांत असतो. ही तेले पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण तेलातुपात सहज मिसळतात. फोडणी देण्याची आपली रीत या गुणाला धरूनच आहे. या तेलांचा दुसरा गुण असा, की ती हवेत लवकर उडून जातात. म्हणून खिरीत वेलदोड्याची पूड शेवटी घालतात, आणि जायफळ आयत्या वेळी किसतात. कुटलेला मसाला उघडा राहिला, तर थोड्याच दिवसांत त्याची माती होते. घट्ट झाकणाची बरणी त्यासाठीच हवी.

आता लवंग पाहा. नारळी भाताला तुपात लवंगांची फोडणी देतात, आणि मसालेभातातही लवंग असतेच. एका भातात तिला गूळ व नारळ यांची सोबत मिळते, दुसऱ्यात मीठ, मिरची व धने यांची. लवंग बदलत नाही. सोबत बदलते, आणि तिच्याबरोबर पदार्थाची जात बदलते. मिश्रण करणाऱ्याचे सारे कौशल्य ही सोबत निवडण्यात असते.

इतर देशांतही हे कौशल्य आहे. मोरोक्कोत अनेक मसाल्यांचे एक मिश्रण करतात. त्याच्या अरबी नावाचा अर्थ 'दुकानाचा शिरोभाग', म्हणजे दुकानातील सर्वांत उत्तम माल. तेथे बकरी ईदच्या सुमारास हे मिश्रण लावून मटण शिजवतात आणि त्यात मनुका, बदाम व मध घालतात. गोड आणि खारट एकाच भांड्यात नांदतात. चीनमधील पाच मसाल्यांच्या पुडीत चक्रीफूल, बडीशेप, दालचिनी व लवंग यांच्या जोडीला एक प्रकारची मिरी असते. ही मिरी म्हणजे कोकण-गोव्यात बांगड्याच्या कालवणात घालतात त्या त्रिफळाची जवळची बहीण होय. दोन्ही जिभेला मुंग्या आणतात.

नेदरलँड्समध्ये डिसेंबरच्या आरंभी संत निकोलसच्या सणाला लाकडी साच्यांत छापलेली बिस्किटे भाजतात. त्यांच्या मसाल्यात दालचिनी, लवंग, सुंठ आणि जायफळ असते. हेच जायफळ तेथील लोक उकडलेल्या फ्लॉवरवरही किसून घालतात. ज्या थंड देशात जायफळाचे झाड उघड्यावर जगणारही नाही, त्या देशाला जायफळाची इतकी सवय कशी लागली?

इंडोनेशियाच्या पूर्व भागात बांदा नावाची चिमुकली बेटे आहेत. जायफळाची ती मूळ भूमी. युरोपात सोन्यासारखे जपले जाणारे हे फळ अनेक शतके केवळ तेथूनच जगाच्या बाजारात येत असे. बेटांवरील लोक ते जावाच्या, अरबांच्या, इंग्रजांच्या, ज्याच्या त्याच्या गलबतांना विकत. डच ईस्ट इंडिया कंपनीला मात्र सर्व माल एकटीला हवा होता. 1621 मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून याने सैन्यासह बेटांवर स्वारी केली. बहुतेक मूळ रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम म्हणून दूर नेले गेले. थोडे होड्यांतून निसटले. त्यांच्या बागांचे तुकडे पाडून कंपनीने ते डच बागाईतदारांना दिले आणि राबण्यासाठी इतर ठिकाणांहून गुलाम आणले. चिमूटभर सुगंधासाठी एका समाजाचे घरदार उद्ध्वस्त झाले. ही गोष्ट जायफळाच्या वासाइतकी सर्वत्र पोचलेली नाही.

दुसऱ्या कोणी झाड लावू नये, म्हणून जायफळे चुन्यात बुडवून पाठवीत. तरी गुपित टिकले नाही. 1770 मध्ये पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या खटपटीने जायफळाची रोपे मॉरिशसमध्ये आली. योगायोग असा, की त्याच्या आडनावाचा फ्रेंच भाषेतील अर्थ 'मिरी' असा आहे! पुढे इंग्रजांनीही रोपे नेली आणि झाड वेस्ट इंडीजपर्यंत पोचले. ग्रेनेडा हा देश 1974 मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा त्याने आपल्या ध्वजावर जायफळाचे चित्र घेतले.

आज कोकणातही नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाची झाडे वाढवितात. फळ पिकले, की ते आपोआप उकलते आणि आत काळ्या कवचाभोवती लालभडक जाळी दिसते. ही जाळी म्हणजे जायपत्री. ती वाळवून तिखट मसाल्यात घालतात. कवचाच्या आतील बी म्हणजे पुरणाचे जायफळ. ते चिमटीभरच वापरावे, कारण अधिक पोटात गेल्यास गुंगी येते व प्रकृतीला अपाय होतो. उरली ती बाहेरची जाड साल. तीही उपयोगी पडते. मीठ-मिरची लावली तर तिचे लोणचे होते, आणि साखरेच्या पाकात टाकली तर मुरांबा.