उत्तरायुष्यातील निवासस्थान : परभणी शहराच्या उपनगरांचे मूल्यमापन

निवृत्तीनंतर कोठे राहावे, हा प्रश्न मराठवाड्यातील मध्यमवर्गाला दोन पिढ्यांपूर्वी फारसा पडत नसे. सरकारी नोकर बदल्यांची गावे मागे टाकून मूळ गावच्या वाड्यात परत येई आणि त्याच्या वार्धक्याचा भार एकत्र कुटुंब उचलीत असे. आज पुष्कळांची मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशी स्थिरावली आहेत आणि गावचा वाडा वाटण्यांत विभागला गेला आहे. महाराष्ट्र शासनाचे बहुसंख्य कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात; आणि साठी गाठलेल्या भारतीय व्यक्तीपुढे सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य असते. या कालखंडासाठी अनेकजण परभणी शहराच्या कडेला, वसमत, जिंतूर व गंगाखेड या रस्त्यांच्या अंगाने वाढलेल्या वसाहतींत घर बांधतात. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा मोठा भाग त्यात गुंतून पडतो. निवड चुकली, तर पंचाहत्तराव्या वर्षी ती फिरविणे बहुधा शक्य नसते. म्हणूनच या निवडीचे निकष तपासून पाहणे अगत्याचे आहे.

निवासस्थान निवडताना हवेचा विचार प्रथम होतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या कीर्तीमुळे, थंड हवा म्हणजे वार्धक्याला हितकर हवा, असे आपल्याकडे सहज गृहीत धरले जाते. कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागातील अनुभव मात्र याच्या उलट आहे. तेथील अनेक वृद्ध हिवाळ्यापुरते दक्षिणेकडे जातात. बर्फाने पायवाटा निसरड्या होतात, पडण्याची भीती वाढते. आणि उपनगरात दुकान, दवाखाना व शेजार हे सर्वच मोटारीच्या अंतरावर असल्यामुळे, ज्याला मोटार चालविता येत नाही तो घरातच अडकतो. यावरून एक सामान्य नियम हाती येतो. हवामान वृद्धाला घरात कोंडते, आणि ते कोंडणे किती जाचक ठरेल, हे अंतरावर अवलंबून असते. तेव्हा हवामान आणि अंतर यांची बेरीज नव्हे, तर गुणाकार केला पाहिजे. परभणीला बर्फ नाही. परंतु हा नियम तिलाही लागू पडतो.

परभणीचे हवामान समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशाचे, म्हणजे विषम, आहे. मे महिन्यात तापमान ४२ अंश सेल्सियसच्या वर जाणे नित्याचे आहे. उलट डिसेंबर-जानेवारीत ते १० अंशांखाली उतरते आणि काही वर्षी ५ अंशांखालीही गेले आहे. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. उत्तरेकडील वारे त्यात भर घालतात. वार्षिक सरासरी पाहिली, तर या दोन्ही टोकांचा मागमूसही लागत नाही. परंतु वृद्ध शरीराची खरी परीक्षा होते ती टोकांवरच. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते व घाम कमी येतो, त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब चढतो व हृदयावर ताण पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने थंडीच्या दिवसांत घरातील तापमान किमान १८ अंश असावे, अशी शिफारस २०१८ मध्ये केली. परभणीतील बहुतेक घरांत तापविण्याची सोयच नसते.

उपनगराचा येथे दुहेरी परिणाम दिसतो. सिमेंट व डांबर यांनी व्यापलेला शहराचा मध्यभाग दिवसाची उष्णता रात्रीही धरून ठेवतो. मोकळ्या शेतांलगतचा भाग लवकर निवतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाच्या विस्तीर्ण परिसरात हिवाळ्यातील किमान तापमान कित्येकदा फारच खाली नोंदले जाते, ते याच कारणाने. अर्थात्, कडेच्या वसाहतीत मे महिन्याची रात्र सुसह्य, पण जानेवारीची पहाट अधिक बोचरी. घराची बांधणीही विचारात घ्यावी लागते. जाड भिंतींचे माळवदाचे जुने घर दोन्ही ऋतूंची धार बोथट करी. नव्या घराचा उघडा स्लॅब दिवसभर तापून रात्री तीच उष्णता खाली सोडतो.

आता अंतराचा विचार. जिल्हा रुग्णालय, बाजार, बसस्थानक व रेल्वेस्थानक मुख्यतः शहराच्या आतल्या भागात आहेत. २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने शहराचे पारडे निश्चितच जड झाले आहे. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरील जंक्शन असल्यामुळे विशेष उपचारांसाठी रेल्वेने सुमारे ६० किलोमीटरवरील नांदेड गाठता येते. ऑगस्ट २०२२ पासून राज्य परिवहनाच्या बसमध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवासाची सवलत आहे. परंतु घरापासून बसपर्यंत पोहोचण्याचे काम ती सवलत करीत नाही. पाण्याचेही तसेच. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येण्याचा अनुभव शहराला जुना आहे. मोठी टाकी असली तरी ती भरणारा, मोटार पाहणारा माणूस घरात लागतो.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण या भागात प्रसिद्ध आहे. अन्यत्र जमले नाही तर परभणी आहेच, असा तिचा अर्थ लोक लावतात. स्वस्ताई, ओळखीची माणसे आणि घरची भाषा या दृष्टीने तो आधार आजही खरा आहे, आणि मुलांच्या शहरातील बंद सदनिकेपेक्षा तो अनेकांना मोलाचा वाटतो. परंतु हा आधार शहराच्या सर्व भागांत सारखा नाही. साठीत स्कूटरवरून ओलांडलेले चार किलोमीटर पंचाहत्तरीत उन्हाळ्याच्या दुपारी अलंघ्य ठरतात. आणि दोघांपैकी एकच मागे उरल्यावर तर मोकळ्या भूखंडांमधील घराची शांतता हेच संकट होते.

सबब, निवृत्तीचे स्थान पारखताना चार प्रश्न विचारणे युक्त ठरेल. मे महिन्यातील दुपारी आणि जानेवारीतील पहाटे हाकेला कोण येईल? वाहन न चालविता औषध व भाजी मिळेल काय? जिना न चढता घरात राहता येईल काय? आणि एकट्याने राहण्याची वेळ आली तर हेच घर चालेल काय? या कसोटीला कडेचा मोठा भूखंड उतरत नसेल, तर आतल्या भागातील तळमजल्यावरचे लहान घर अधिक शहाणपणाचे होय. गंगाखेड, सेलू, मानवत यांसारख्या लहान गावांत अंतरे कमी असली तरी वैद्यकीय सोयी तोकड्या पडतात; तेथे या गुणाकाराचे उत्तर काय येते, हा प्रत्यक्ष पाहणीचा विषय आहे. विभागातील अभ्यासकांनी तो हाती घेतल्यास जिल्ह्यातील अनेक कुटुंबांच्या आयुष्यभराच्या बचतीला योग्य दिशा मिळू शकेल.