गर्भवतीचा अपघात आणि मनस्तापाची भरपाई

मोटार अपघातात सापडलेली गर्भवती स्त्री रुग्णालयातून घरी परतते, तेव्हा भेटायला येणारी माणसे बहुधा एकच वाक्य बोलतात : 'बाळ सुखरूप आहे ना, मग झाले तर!' या वाक्यात दिलासा आहे. परंतु त्या मातेच्या पुढच्या दिवसांची मोजदाद त्यात होत नाही. बाळाची हालचाल जराशी मंदावली की जिवाचे पाणी होणे, रात्र रात्र डोळा न लागणे, गाडीत पाऊल ठेवताना थरकाप उडणे, या हानीचीही भरपाई मागता येते काय, हे आम्ही येथे स्पष्ट करीत आहोत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार अपघातातील जखमी व्यक्ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एका निकालात भरपाईचे दोन भाग सांगितले. औषधोपचाराचा खर्च व बुडालेली मिळकत हा पहिला भाग होय. दुसऱ्या भागात पैशांत नेमकी न मोजता येणारी हानी येते : मानसिक व शारीरिक धक्का, वेदना, जीवनातील आनंदाला मुकणे, मनावरील ताण. तेव्हा मनस्तापाची भरपाई ही कोणाची मेहेरबानी नसून तो मान्य झालेला हक्क आहे. मात्र कायद्यातील शब्द 'शारीरिक इजा' असा आहे. अंगाला काहीच इजा नसताना केवळ भीती वाटली, एवढ्यावर दावा टिकणे कठीण असते.

म्हणूनच वैद्यकीय तपासणीला दुहेरी महत्त्व आहे. पोटाला बसलेला मार वरवर किरकोळ दिसला तरी वार गर्भाशयापासून सुटण्याचा धोका असतो. त्यासाठी गर्भवतीने अपघातानंतर त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि बाळाच्या ठोक्यांवर काही तास देखरेख करून घ्यावी. ही तपासणी प्रथम माता व बाळ यांच्या जिवासाठी आहे. तिचे कागद पुढे पुरावा ठरतात. गर्भ किती आठवड्यांचा होता, कोणती इजा झाली, विश्रांती किती सांगितली, याची नोंद केसपेपरवर असावी. झोप न लागणे, धास्ती वाटणे, रडू येणे हेही डॉक्टरांना न संकोचता सांगावे. गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. न सांगितलेले दुःख कागदावर येत नाही, आणि कागदावर नसलेले दुःख न्यायाधिकरणापुढे सिद्ध करणे जड जाते.

काही मातांच्या वाट्याला याहून मोठे दुःख येते. अपघातामुळे मृत बाळ जन्माला आल्याच्या एका प्रकरणात मातापित्यांना मिळालेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कायम ठेवली. जन्मापूर्वी गेलेले मूल न्यायालयाच्या हिशेबी नगण्य नाही, हा त्याचा अर्थ.

आता मुदतीविषयी. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावयाचा आहे. या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आहे. तरीही सहा महिन्यांच्या आत अर्ज करणेच शहाणपणाचे. गर्भवतीच्या बाबतीत हा काळ बाळंतपणात पाहता पाहता सरतो, म्हणून घरच्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. अपघात दूर कोठे घडला असला तरी आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पोलिसांनी अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यावा, असा नियम आहे. आपल्या इजेची व गरोदरपणाची नोंद त्यात झाली की नाही, याची चौकशी करावी.

विमा कंपनी तडजोडीची रक्कम देऊ करील, तेव्हा घाई करू नये. तडजोड मान्य करून सही केली की प्रकरण सहसा तेथेच संपते. बाळंतपणात किंवा त्यानंतर उद्भवणारा त्रास मग हिशेबात धरला जात नाही. डॉक्टरांचे व वकिलांचे मत घेऊनच निर्णय करावा. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून कोणी मागे राहण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

'दुःखाचे पैसे कसे घ्यावे?' असा संकोच आपल्या अनेक कुटुंबांना वाटतो. तो आम्ही समजू शकतो. परंतु चालकाला मनापासून क्षमा करणे आणि झालेल्या हानीची भरपाई मागणे, यांत विरोध नाही. भरपाईने गेलेली झोप परत येत नाही. उपचार, विश्रांती व समुपदेशन यांचा भार मात्र हलका होतो. आपल्या धर्मग्रामात अशी एखादी भगिनी असेल, तर 'झाले तर' म्हणून निघून न जाता तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि अर्जाची तारीख तिला आठवणीने सांगावी.