ऊस एक, प्रश्न अनेक

कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचं बिद्री हे कागल तालुक्यातलं गाव सर्वदूर माहीत झालं ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. याच गावात दूधसाखर महाविद्यालयही आहे. सत्र संपत आलं की उसाच्या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांपुढे निरनिराळ्या विषयांच्या असाइनमेंट एकदमच येऊन पडतात. घाईत सगळ्यांना एकच साचा लावला जातो आणि गुण तिथेच जातात. त्यामागचे गैरसमज परिसरातल्याच उदाहरणांवर तपासून पाहता येतात.

गैरसमज : प्रस्तावना, विवेचन, समारोप जमले की कोणताही विषय लिहिता येतो.

वस्तुस्थिती : मांडणी सारखी असू शकते, पण पुरावा प्रत्येक विषयाचा वेगळा असतो. ‘उसाला चांगला भाव मिळायला हवा’ हे अर्थशास्त्रात नुसतं मत ठरतं. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली होती. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ही रक्कम १४ दिवसांत द्यावी लागते. त्या दरात उत्पादनखर्च भागतो का, हा प्रश्न घेतला की युक्तिवाद सुरू होतो.

रसायनशास्त्राला मात्र भावाशी देणंघेणं नाही. उसाच्या रसात चुना का घालतात, हा तिथला प्रश्न. रस आम्लधर्मी असतो आणि आम्लात सुक्रोजचं विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात, म्हणजे तेवढी साखर हातची जाते. चुन्याने आम्लता कमी होते आणि अशुद्ध घटक गाळ होऊन खाली बसतात. इथे विशेषणं नकोत, कार्यकारणाची साखळी हवी.

गैरसमज : इतिहास म्हणजे सनावळी.

वस्तुस्थिती : सन हा फक्त आधार. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. राधानगरी धरणाचं काम १९०९ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण झालं १९५७ मध्ये. एवढं लिहून थांबलं तर ती नोंद झाली. बाजारपेठ आधी आणि धरण नंतर असं का? मधली जवळपास पन्नास वर्षं काम कशामुळे रेंगाळलं? १९२२ मध्ये महाराजांचं निधन झाल्यावर संस्थानाचं प्राधान्य बदललं का? असे प्रश्न आले की निबंधाला कणा येतो.

गैरसमज : साहित्यावर लिहायचं म्हणजे कथानक सांगायचं.

वस्तुस्थिती : कागलच्याच आनंद यादवांची ‘झोंबी’ घ्या. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीत शाळेसाठी झगडणारा शेतकऱ्याचा मुलगा आहे. ही गोष्ट शिक्षकांना ठाऊकच असते. त्यांना वाचायचं असतं ते हे, की संवादांतली बोली आणि निवेदन यांचं नातं काय, बापाची बाजू वाचकापर्यंत कुणाच्या नजरेतून पोचते. उत्तराला आधार पुस्तकातल्या नेमक्या प्रसंगांचा हवा.

गैरसमज : दहा टक्के मजकूर उचलला तर चालतो.

वस्तुस्थिती : हा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतला. ते नियम प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनासाठी आहेत. असाइनमेंट आणि निबंध त्यांतून स्पष्टपणे वगळले आहेत. म्हणजे ही सवलत विद्यार्थ्याला मिळालेलीच नाही. इथे शिक्षकांचा आणि महाविद्यालयाचा निर्णय चालतो. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्हं आणि लेखकाचं नाव द्यायलाच हवं.

गैरसमज : संदर्भ म्हणजे जाडजूड इंग्रजी पुस्तकं.

वस्तुस्थिती : सहकारी कारखान्याचा वार्षिक अहवाल ऊस उत्पादक सभासदांना मिळतो. त्यात गाळप, उतारा, कर्ज, ताळेबंद सगळं मराठीत छापलेलं असतं. सलग पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून उताऱ्याचा तक्ता केला, तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला उसन्या उताऱ्यांची गरज उरत नाही. आजोबांनी सांगितलेल्या गुऱ्हाळाच्या आठवणी इतिहासाच्या कामी येतात. मात्र सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि मुलाखतीची तारीख नोंदवावी, आणि ती आठवण दुसऱ्या एखाद्या स्रोताशी ताडून पाहावी.